ताटाचे पैसे कोणी द्यायचे?

मागच्या महिन्यात दौंडहून एक पोस्टकार्ड आले. अक्षर बाईमाणसाचे, मजकूर चार ओळींचा. "स्टेशनाबाहेरच्या ज्या गाड्यावरच्या पाण्याविषयी तुम्ही लिहिलेत तो गाडा माझ्या भावाचा आहे. नाव दिले नाहीत, पण वळण सांगितलेत, म्हणजे सगळ्यांना कळले. आपल्याच माणसाच्या पोटावर पाय देऊन तुम्हाला काय मिळाले?" खाली जयभीम, आणि सही.

ते कार्ड आम्ही दोघांनी दोन-दोनदा वाचले. त्या रात्री जेवण नीट गेले नाही. बाई खोटे काही बोलत नव्हती. तिला उत्तर लिहायला बसलो तर पत्र लांबत चालले, आणि लक्षात आले की हे उत्तर एकट्या तिला देऊन भागणार नाही, सगळ्याच वाचकांना द्यायला हवे. शिवाय वाचकांकडे आम्हाला काही मागायचेही आहे. बरेच दिवस ते ओठांवर येऊन परत जात होते. आज दोन्ही एकदमच सांगून टाकतो.

या पानावर जे नवे आहेत त्यांच्यासाठी थोडे आमच्याविषयी. आम्ही नवरा-बायको, राहणार शिरूर. एकाची सगळी नोकरी दौंडला रेल्वेच्या गँगमध्ये गेली. दुसरीने कारेगावात खोली घेऊन रांजणगाव एमआयडीसीतल्या पोरांना बारा वर्षे डबे दिले. पहिल्या पाळीचा डबा पहाटे साडेचारला तयार लागायचा. तेव्हा बाहेरचे खाणे म्हणजे काय हे आमच्या गँगमनला ठाऊक, आणि ते बनते कसे हे आमच्या डबेवालीला. पुढेही आम्ही याच नावांनी बोलू, म्हणजे घोटाळा नको.

शिरूरला घर आणि दौंडला सोयरे, त्यामुळे महिन्यातून दोन फेऱ्या ठरलेल्या. शिरूरला रेल्वे नाही. एसटीने न्हावरे, चौफुला, पाटस करत दौंड गाठायचे. वाटेत कुठेतरी खाणे आलेच, आणि घरी आल्यावर त्यावरून भांडणही. गँगमन म्हणायचा, मिसळ झकास होती. डबेवाली म्हणायची, "अहो, झकास कसली! वरून तर्री ओतली म्हणून लाल दिसली. खाली मटकी कालची होती." एकदा आमचे चिरंजीव वैतागून म्हणाले, एवढे भांडता तर लिहून तरी काढा. दुसऱ्या दिवशी दोनशे पानी वही आली. छंद म्हणतात तो हाच. कोणी तिकिटे जमवतो, कोणी कबुतरे पाळतो, आम्ही ताटे लिहून ठेवतो. वहीतले काही संपादकांना दाखवले आणि या पानावर आम्हाला जागा मिळाली.

आता ही ताटे आम्ही पाहतो कशी, ते सांगतो.

डबेवाली आत शिरली की आधी पाणी पाहते. पिंप झाकलेले आहे का? पाणी काढायला लांब दांड्याचे ओगराळे आहे, की पोऱ्या ग्लासासकट मनगटापर्यंत हात बुडवतो? खरकटी ताटे नळाखाली धुतात, की एकाच बादलीत बुचकळून पुन्हा वाढायला घेतात? मग ती कढईकडे वळते. पुन्हा पुन्हा तापवलेले तेल काळपट आणि चिकट होते, जरा आच लागली की धूर सोडते आणि भजे टाकले की फेस धरते. तळून तळून तेलात जे घातक घटक साठतात ते २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल खाण्यासाठी वापरायचे नाही, असा नियम जुलै २०१८ पासून देशात लागू आहे. तो मोजायचे यंत्र आपल्याकडे नाही, पण नाक आहे. भाकरीचे म्हणाल तर पीठ जुने झाले की त्याचा चिकटपणा जातो आणि भाकरीच्या कडा फाटतात. बाजरीचे पीठ तर थोड्याच दिवसांत कडवट होते. ताटातली भाकरी उचलून डबेवाली नुसती कड पाहते आणि सांगते, हे पीठ या आठवड्यातले नाही. गँगमन आधी खाऊन मोकळा होतो.

भिंतीवर अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक लावलेला आहे का, तेही पाहतो. गरम भजी छापील कागदात बांधून देतात का, तेही. छपाईची शाई गरम तेलकट पदार्थात उतरते, म्हणून वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नयेत असे अन्न सुरक्षा प्राधिकरणाने पुन्हा पुन्हा बजावले आहे. यात आमचे हे साप्ताहिकही आले. वाचून झालेले अंक भज्यांच्या गाड्यावर नेऊन देणाऱ्या वाचकांनी कृपया नोंद घ्यावी!

मोठ्या वर्तमानपत्रांत हॉटेलांवर लिहून येते तेव्हा दिवे कसे होते, खुर्च्या कशा होत्या, हे वाचायला मिळते. त्याला आमची ना नाही. आमचा पहिला प्रश्न मात्र वेगळा असतो. पोट भरते का? आठ तासांची पाळी करून आलेल्या, हमाली करून आलेल्या माणसाला एवढ्या पैशांत एवढे पुरेल का? सरकारी ताटात निदान वजन तरी लिहिलेले असते. शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली तेव्हा तीस-तीस ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १०० ग्रॅम वरण आणि १५० ग्रॅम भात, दहा रुपयांत, असे मापच ठरवून दिले होते. रेल्वेनेही २०२३ साली काही स्थानकांवर जनरल डब्यांसमोर सात पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि लोणचे वीस रुपयांत द्यायला सुरुवात केली. पुऱ्या निदान मोजता येतात. खासगी खानावळीत "थाळी" म्हणजे किती, हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर. म्हणून आम्ही वाटीचे माप, भाकरीचा आकार, रस्सा दुसऱ्यांदा मागितला तर वाढणाऱ्याचा चेहरा कसा होतो, एवढे सगळे लिहितो. डबेवालीने एकदा पिशवीत घरचा छोटा वजनकाटा नेला होता. मालकाला वाटले, आम्ही सरकारी माणसे. त्याने लगेच चपाती वाढवली. तेव्हापासून काटा घरीच राहतो.

आणि एक गोष्ट, जी मोठी वर्तमानपत्रे लिहीत नाहीत. बाईमाणूस लेकराला घेऊन एकटी बसली तर तिला धड जागा देतात का? तिला जायला संडास आहे का, आणि त्याला कडी आहे का? सहा डिसेंबरला सोलापूर-मराठवाड्याकडून दादरला निघालेली किती कुटुंबे दौंडवरून जातात! एक जानेवारीला कोरेगाव भीमाला जाणारा नगरकडचा लोंढा शिरूरवरूनच येतो. बरोबर म्हातारी माणसे असतात, अंगावरची लेकरे असतात. त्यांना कुठे थांबावे हे कोणी तरी सांगायला हवे. हे पान त्यांच्यासाठी आहे.

आता त्या पोस्टकार्डाकडे येतो. पण त्याआधी एक कप.

गँगमनचे वडील घोडनदीकाठच्या एका गावात वाढले. ते सांगायचे, गावच्या चहाच्या हॉटेलाबाहेर वळचणीला कान तुटलेली एक कपबशी खोचलेली असे. ती आपल्या लोकांची. आपणच काढायची, मालक वरून चहा ओतणार, उकिडवे बसून प्यायचा, आपणच विसळून परत खोचायची. पैसे त्याच्या हातात द्यायचे नाहीत, जमिनीवर ठेवायचे. तो त्यावर पाणी शिंपडून उचलणार. चहाचा भाव मात्र सगळ्यांना एकच!

म्हणून संविधानाच्या पंधराव्या कलमात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा स्पष्ट उल्लेख आला. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून तिथे कोणाला अडवता येणार नाही. १९५५ सालच्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने, ज्याचे नाव पुढे नागरी हक्क संरक्षण कायदा झाले, तर नुसता प्रवेश सांगून थांबले नाही. हॉटेलात सर्वांसाठी ठेवलेली भांडी वापरू न देणे हाही त्यात गुन्हा आहे. कायदा लिहिणाऱ्यांना ती वळचणीची कपबशी ठाऊक होती, हे उघड आहे.

त्याच्याही आधीची कोल्हापूरची गोष्ट आपल्या घरांतून सांगितली जाते. गंगाराम कांबळे हे छत्रपती शाहू महाराजांच्या पागेतले नोकर. मराठा नोकरांच्या पाण्याला शिवले म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा तर केलीच, पण गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला मदतही केली. गंगारामांनी चहाचे हॉटेल काढले. महाराच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? तेव्हा महाराज स्वतःची गाडी त्या हॉटेलासमोर थांबवत, चहा मागवत, आपण पीत आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही पाजत. भर रस्त्यात, सगळ्यांच्या देखत. छत्रपतींनी चहा घेतलेल्या हॉटेलाला मग कोण नावे ठेवणार? या छंदाचा विचार करताना आम्हाला नेहमी वाटते, महाराष्ट्रात एखाद्या हॉटेलाविषयी इतका मोलाचा अभिप्राय दुसरा कोणी दिला नसेल, आणि तोही एक शब्द न लिहिता.

दौंडच्या त्या बहिणीला आमच्याकडून हेच हवे होते. गाडी थांबवा, चहा प्या, जगाला दिसू द्या. तिचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. महाराजांनी तो चहा बेचव असता तरी घेतलाच असता, कारण प्रश्न चहाचा नव्हता. आजही कुठे आपल्या माणसाच्या हातचे खायला लोक कचरत असतील तर तिथे आम्ही आधी जाऊन बसू, आणि वड्यात मीठ जास्त झाले का, हे विचारणार नाही. पण दौंड स्टेशनाबाहेरच्या त्या गाड्यावर तसे काही नव्हते. सगळ्या जातीधर्मांचे लोक रांग लावून खात होते. वडा होताच तसा. तिथे प्रश्न पाण्याचा होता.

घडले ते असे. पावसाळ्याचे दिवस. पिंपाला झाकण नाही, ग्लास बुडवून पाणी काढणे चाललेले, विसळायला बादली एकच. आमच्या नियमाप्रमाणे एका भेटीवर आम्ही वाईट लिहीत नाही. एखाद्या दिवशी कोणाचेही बिनसते. तीन आठवड्यांनी पुन्हा गेलो. तेच पिंप, तीच बादली. आमच्या शेजारी एक तरुण आई उभी होती. गाडीला वेळ होता. तिने त्याच पिंपातून दुधाची बाटली विसळली, मग थोडे पाणी बाटलीत घेऊन कडेवरच्या लेकराला पाजले. डबेवालीने गँगमनचा हात घट्ट धरला. अतिसाराने लेकरू कसे एका रात्रीत सुकते, हे तिने घरात पाहिलेले आहे. तेवढ्यासाठी आम्ही लिहिले.

आता आमची चूक. ती लपवायची नाही. आम्ही त्या माणसाला आधी सांगायला हवे होते. ओळख लपवून खायचे हा आमचा नियम, आणि तो बरोबरच आहे, कारण ओळख दिली की ताट वेगळे येते, जसे वजनकाटा पाहून आले. पण खाऊन झाल्यावर, पैसे दिल्यावर, लिहिण्याआधी ओळख द्यायला काय हरकत होती? मोठ्या हॉटेलवाल्याला एक वाईट परिच्छेद पचतो. गाडेवाल्याला तो पचत नाही. शिवाय वळणही सांगितले. ते सांगायला नको होते.

कार्ड आल्यावर आम्ही तिसऱ्यांदा गेलो. या वेळी नाव सांगून. त्याने वडे तळायचे थांबवले नाहीत. नुसते म्हणाला, "जयभीम काका. जयभीम मावशी. बसा." मग थोड्या वेळाने झारा बाजूला ठेवून बोलला. "मावशी, झाकण लागते हे मला कळत नाही का? पण नळ त्या कोपऱ्यापलीकडे आहे. दिवसाला बारा-पंधरा कळशा मीच आणतो. इथली जागा पक्की नाही. उठवायला गाडी आली की दोन मिनिटांत सगळे उचलून पळायचे. झाकणाचे, नळाचे मोठे पिंप घेतले तर ते घेऊन पळू कसा?" त्या बहिणीने बचतगटातून कर्ज काढून गाडा उभा करून दिला, हप्ते अजून चालू आहेत, हेही त्याच्याकडूनच कळले. आम्ही लिहिल्यावर गिऱ्हाईक कमी झाले का, असे विचारले. म्हणाला, पहिले आठ दिवस झाले होते. पुढे त्याने बोलणे टाळले.

डबेवालीने मग उपाय सांगितला. मोठे पिंप नकोच. वीस लिटरचे तोटीचे दोन जार, एक पिण्याला, एक हात धुवायला. दोन हातांत दोन उचलून पळताही येते. विसळायला एकाऐवजी दोन बादल्या, दुसरीत स्वच्छ पाणी, आणि ते तासाभराने बदलायचे. कारेगावात ती स्वतः असेच करायची. त्याने मान डोलावली. करतो म्हणाला. करेल की नाही, ते त्यालाच ठाऊक.

निघताना आम्ही दोन वडापावांचे आणि चहाचे पैसे काढले तर त्याचा चेहरा उतरला. "आपल्या माणसाकडून पैसे घेऊ का काका? एवढे लिहिलेत, आता हेही?" त्या एका वाक्याने आम्ही जितके ओशाळलो तितके त्या पोस्टकार्डानेही ओशाळलो नव्हतो. आपल्यात पाहुण्याने घासाचे पैसे देणे म्हणजे अपमान. पण आम्ही पाहुणे म्हणून गेलो नव्हतो. गँगमनने पैसे गाड्यावर ठेवले नाहीत, त्याच्या हातात दिले, आणि हात तसाच धरून ठेवला. शेवटी त्याने घेतले.

फुकटचे खाल्ले की काय होते, हे सांगायला फार लांब जायला नको. आता मोबाईलवर खाण्याची चित्रे दाखवणारी पोरे झाली आहेत. त्यांतली काही खरोखर चांगली आहेत. आपल्या तालुक्यातली चुलीवरची भाकरी त्यांनी परगावच्या लोकांना दाखवली, हे मान्य केले पाहिजे. पण काहींचे ताटही फुकट असते आणि वर पाकीटही असते. असे काही घेऊन एखाद्या मालाची तारीफ केली तर तसे लोकांना स्पष्ट सांगितले पाहिजे, अशी सूचना केंद्र सरकारच्या ग्राहक खात्याने जानेवारी २०२३ मध्येच काढली आहे. पाळतात किती, हे पाहणाऱ्यांनी ठरवावे.

आम्हालाही विचारणा झाल्या. महामार्गावरच्या एका ढाब्याने वर्षाची जाहिरात देऊ केली होती, अट एवढीच की दर दोन महिन्यांनी "चार चांगले शब्द" यावेत. एका ठिकाणी ओळख पटल्यावर बिल आलेच नाही. मागून घेतले तर निम्मे आले. उरलेले निम्मे ताटाखाली ठेवून निघालो. आणि आमच्याच नात्यातल्या एका खानावळीविषयी आम्ही आजवर एक ओळही लिहिलेली नाही. लिहिणारही नाही. तिथे आम्ही पैसे देऊ शकत नाही, म्हणजे बोलूही शकत नाही.

फ्रान्समध्ये मिशेलिन नावाची टायरची कंपनी आहे. तिने १९०० साली मोटारवाल्यांसाठी एक माहितीपुस्तिका काढली. हेतू साधा. लोक लांब फिरले की टायर झिजतात, झिजले की नवे घेतात! १९२६ पासून तिने चांगल्या हॉटेलांना तारे द्यायला सुरुवात केली. आज त्या ताऱ्यांसाठी जगातले मोठमोठे आचारी झुरतात. त्याचे कारण एवढेच, की कंपनीचे माणूस नाव न सांगता येते, खाते, आणि पूर्ण बिल देऊन जाते. बिल अर्थात कंपनी देते. आमच्या मागे टायरची कंपनी नाही. गँगमनची पेन्शन आहे, आणि मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट झाल्याने डबेवालीचा प्रवास तेवढा स्वस्त झाला आहे. तरीही एका फेरीत दोघांचे भाडे आणि दोन ठिकाणचे खाणे धरून साडेतीनशे-चारशे रुपये जातात. एका ठिकाणी दोनदा, आता तिसऱ्यांदाही, जायचे म्हणजे हिशेब वाढतो. मागच्या उन्हाळ्यात औषधपाण्याचा खर्च निघाला तेव्हा तीन महिने वही बंद होती.

तेव्हा मागणे हे आहे.

ज्या घराला हे सदर उपयोगाचे वाटते त्या घराने वर्षातून एकदा, एका साध्या ताटाचे पैसे साप्ताहिकाच्या कार्यालयात द्यावेत. शंभर रुपये धरा. त्यापेक्षा कमी चालतील. जास्त मात्र घेणार नाही, कारण एखाद्याने पाच हजार दिले की त्याच्या मेहुण्याच्या हॉटेलात आमची जीभ जड होणार. हॉटेल, खानावळ, मेस, गाडा चालवणाऱ्यांनी काहीही देऊ नये. त्यांनी चांगले खायला घालावे, तेवढे पुरे. पैसे आमच्या हातात येणार नाहीत, कार्यालयातच राहतील. आम्ही तिकिटे आणि बिले देऊन घेऊ, आणि दर तीन महिन्यांनी जमा-खर्च याच पानावर छापला जाईल. गाडेवाला बिल देत नाही, तिथे वहीतली नोंद धरावी लागेल. तेवढा विश्वास ठेवावा लागेल.

ज्यांना पैसे देणे जमत नाही त्यांचे कार्ड आम्हाला पैशांइतकेच हवे आहे. कारेगाव-रांजणगावात खोली करून राहणाऱ्या पोरांनी आपल्या मेसविषयी लिहावे. महिन्याचे किती घेतात, रविवारी काय असते, सुटी घेतली तर खाडा धरतात का. कुरकुंभच्या कारखान्यांत जाणाऱ्यांनी, दौंडच्या लोको आणि यार्डातल्या मंडळींनी रात्रपाळीला गरम खाणे कुठे मिळते ते कळवावे. शिरूर एसटी स्टँडच्या आसपास पहाटे पाचला चहा कुठे चांगला, हे आम्हाला खरोखरच हवे आहे, कारण आम्ही त्या वेळी झोपलेले असतो. आणखी एक. शाहू पाटोळे यांनी मराठवाड्यातल्या महार-मांगांचे खाणे "अन्न हे अपूर्णब्रह्म" या पुस्तकात २०१५ साली लिहून ठेवले. २०२४ मध्ये ते इंग्रजीतही गेले. भीमा आणि घोडनदीच्या काठचे आपले खाणे असे कोणी लिहिले असेल तर आमच्या वाचनात नाही. आज्यांना विचारा. हॉटेलाच्या पाटीवर जे कधी येत नाही, पण घरी रविवारी होते, ते कार्डावर लिहून पाठवा. त्याचे पैसे लागत नाहीत.

नियमांत आम्ही एक भर घातली आहे. गाडा किंवा छोटी टपरी असेल तर वाईट लिहिण्याआधी मालकाला भेटून सांगायचे, महिन्याची सवड द्यायची, आणि मग पाहून लिहायचे. पाण्यात किंवा खाण्यात जिवाला अपाय होईल असे काही दिसले तर मात्र त्याच दिवशी, तिथेच, मोठ्याने बोलायचे. त्या तरुण आईला आम्ही काही बोललो नाही, नुसते बघत राहिलो, आणि ते अजून डाचते.

पुढच्या वेळी कारेगावच्या दोन मेस. त्यानंतर पुन्हा दौंड. जार आले असतील तर लिहू, आले नसतील तर तेही लिहू. वळण सांगणार नाही. पोस्टकार्ड पाठवणाऱ्या ताई, तुम्हीही त्या दिवशी गाड्यावर या. ओळख होईल. वडा बरोबर खाऊ. तुमच्या वड्याचे पैसे तुम्ही द्या, आमच्यांचे आम्ही देऊ, आणि भावाला आधीच सांगून ठेवा की चेहरा पाडायचा नाही.